मोटरची केबल आणि हौसामावशींची शेगडी

"पाच एचपीची मोटर वढती ही केबल. अन् एवढीशी काचंची शेगडी वढायची न्हाई व्हय?"

दत्तूभाऊंनी केबलचं वेटोळं माझ्यासमोर टाकलं. बोअरमधून काढलेली, चपटी, तीन तारांची. पुसून चकाचक केली होती. स्वयंपाकघराच्या भिंतीत मी पाइप टाकून ठेवला होता. त्यातून नवी केबल न ओढता हीच ओढावी, असा त्यांचा आग्रह होता.

घोडेगावात माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. घरांच्या वायरिंगची कामं घेतो. दत्तूभाऊंचं घर डिंभ्याच्या कालव्याच्या कडेला, सगळं बागायत. आमच्या भागातला बागायतदार हा जन्मतः अर्धा वायरमन असतो. मोटर बिघडली की स्वतः उपसणार, जॉइंट स्वतः मारणार, वर चिकटपट्टी गुंडाळून पुन्हा बोअरमध्ये सोडणार. आणि ती चालतेही. त्यामुळे अशा माणसाला वायर शिकवायची म्हणजे डोकेफोड.

हॉब, म्हणजे ही विजेवरची काचेची शेगडी, कुणासाठी, तर त्यांच्या आईसाठी. हौसामावशी. एका आजारपणात त्यांना वास येणं बंद झालं ते कायमचं. फोडणी करपली तरी त्यांना डोळ्यांनीच कळायचं. एकदा वाऱ्याने गॅस विझला आणि त्या शेजारी बसून निवांत लसूण सोलत राहिल्या. दत्तूभाऊंची बायको मंदावहिनी वेळेवर आत आल्या म्हणून निभावलं. तेव्हापासून मावशींना स्वयंपाकघरातून उठवायचं, असं घरात घाटत होतं. मावशी हटायला तयार नव्हत्या. त्यांची मासवडी खायला पार जुन्नरहून पाहुणे यायचे. शेवटी दत्तूभाऊंनीच तोडगा काढला. गॅसच नको, विजेवरचा चार चुलींचा हॉब आणू. त्यासाठी घराचा लोडही वाढवून घेतला. आईचा मान राखण्यासाठी एवढा खटाटोप करणारा मुलगा मी तरी कमी पाहिला आहे.

म्हणून मी चिडलो नाही. खडू घेतला आणि फरशीवर मांडून दाखवलं.

"दत्तूभाऊ, तुमची मोटर थ्री फेज. तिचा भार तीन तारांवर वाटला जातो. एका तारेवर आठ-नऊ अँपिअर. हॉब सिंगल फेजवर. चारही चुली लावल्या की सात हजार वॉट. भागिले दोनशे तीस व्होल्ट. म्हणजे तीस अँपिअर, आणि ते सगळे एकाच तारेतून. तिघांनी मिळून उचललेलं पोतं एकट्याच्या पाठीवर टाकल्यासारखं आहे हे."

"पोतं मी येकटाच उचलतो, राव."

यावर मंदावहिनी हसल्या, मीही हसलो. मग पुन्हा सांगितलं. ही केबल अडीच स्क्वेअरची, म्हणजे तारेतल्या तांब्याचा छेद अडीच चौरस मिलिमीटर. बोअरमध्ये ती पाण्यात असते, थंड राहते. भिंतीतल्या पाइपात तिला वारा नाही, पाणी नाही. तापली की तापतच जाणार. इथे सहा स्क्वेअरचीच पाहिजे.

"पर चांगली केबल पडून हाय ना घरात. ती काय उकिरड्यावर टाकायची?"

"टाकू नका. गोठ्यात दिवा लावा तिच्यावर. हॉबला नको."

"बरं, तुमी म्हनताय तसं," दत्तूभाऊ म्हणाले.

त्या दिवशी मी मीटरजवळचा बोर्ड पुरा केला. हॉबसाठी त्यात बत्तीस अँपिअरचा एमसीबी बसवला. एमसीबी म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारं बटण. सहा स्क्वेअरच्या केबलला तो बरोबर होता. केबल दुकानातून आणायची राहिली होती. तेवढ्यात तळेघरच्या बाजूला एका मोठ्या कामावर मला जावं लागलं. इकडे फरशीवाला अचानक मोकळा झाला आणि त्याने उद्याच टाइल्स लावायचं काढलं. आमच्याकडे फरशीवाला मिळणं म्हणजे लग्नाला मुहूर्त मिळण्यासारखं. टाइल्स लागण्याआधी केबल आत हवी, म्हणून दत्तूभाऊ माझ्यासाठी थांबले नाहीत. मी परत आलो तोवर हॉब सुरूही झाला होता. फोनवर विचारलं, "केबल कुठली टाकली?"

"टाकली की. तुमी सांगितली तशीच."

खोटं बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता. मला वाईट वाटू नये म्हणून बोलले असतील, असं आज वाटतं. तेव्हा मी विश्वास ठेवला.

पुढे महिनोन्‌महिने काही झालं नाही. रोजच्या स्वयंपाकाला एक-दोन चुली पुरायच्या, तेवढा भार अडीच स्क्वेअरनेही सोसला. मावशी खुशीत होत्या. बाजारात भेटल्या तर म्हणायच्या, "भाऊ, काचंवर भाकर फुगती, बघाया या."

मग गावची यात्रा आली. घाटावर, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बैलगाड्या पळत होत्या, घरोघर पाहुणे. मावशींनी सकाळपासून चारही चुली पेटवल्या. एकीवर मासवडीचं बेसन घाटायला, दुसरीवर रस्सा, तिसरीवर भात, चौथीवर तवा. दुपारी दत्तूभाऊंचा फोन आला. आवाज पार उतरलेला.

"भाऊ, भित्तीतून धूर आला. या लवकर."

मी पोचलो तेव्हा मेन स्विच बंद होता. इजा कुणाला झाली नव्हती, हे देवाचे उपकार. हॉबमागच्या दोन टाइल्स तडकल्या होत्या, त्यांच्या फटी काळ्या पडल्या होत्या. पाहुणे पडवीत बसले होते. ताटं वाढलेली, जेवत कुणीच नव्हतं. पाहुण्यांतलं कुणीतरी म्हणालं, "म्हातारीनं कायतरी उलटसुलट दाबलं आसंल." मावशी कोपऱ्यात पदराशी चाळा करत बसल्या होत्या. त्यांनी ते ऐकलं.

मी टाइल काढली. पाइप वितळून केबलला चिकटला होता. चपटी केबल. ओळख पटायला वेळ लागला नाही. मधोमध बोअरच्या दिवसांतला जॉइंट, चिकटपट्टीसकट जळालेला. एमसीबी पडला नव्हता. कसा पडेल? तो मी सहा स्क्वेअरच्या हिशोबाने बसवला होता. तीस अँपिअर त्याला मान्य होते, केबलला नव्हते. मी नीट केलेलं निम्मं काम, त्यांनी हौसेने केलेल्या निम्म्या कामाला जोडलं गेलं आणि त्यातून हे झालं. याचं मला आजही वाईट वाटतं.

तो तुकडा घेऊन मी पडवीत गेलो. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो. "मावशींनी काही चुकीचं दाबलेलं नाही. चूक केबलची आहे."

दत्तूभाऊ सगळ्यांसमोर म्हणाले, "म्या टाकली ती. यांनी नगं म्हनलं व्हतं." एवढं बोलायला छाती लागते. पण मावशींनी मान वर केली नाही.

यात्रा उरकल्यावर मी सहा स्क्वेअरची केबल स्वतः ओढली. चारही चुली तासभर चालवल्या आणि मावशींना भिंतीवर हात ठेवायला लावला.

"गार हाय खरं," त्या म्हणाल्या.

"मग आता करा मासवडी."

"नगं बाबा. मंदा करील. भित्त जळत व्हती अन् मी फुडं हुभी राहून बेसन घाटत व्हते. मला समाजलं न्हाई."

"मावशी, भिंतीच्या आतलं कुणाला समजणार?"

"मंदाला समाजलं की. तिला आंगनातनं वास आला."

मी अवजारं पिशवीत भरली. दत्तूभाऊ मला फाटकापर्यंत सोडायला आले. "तुमीच समजावा तिला. तुमचं ऐकंल ती." माझं ऐकायची तुमची वेळ कधी होती, हे ओठांवर आलं होतं. गिळलं. त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

तेव्हापासून एक नियम केला आहे. हॉबची केबल मी स्वतः ओढतो, आणि ती ओढून होईपर्यंत बोर्डात एमसीबी बसवत नाही. कुणी रागावलं तर रागावू दे. दत्तूभाऊंचा हॉब आता उत्तम चालतो. परवा त्यांच्याकडे जेवलो. मासवडी मंदावहिनींनी केली होती, चांगली झाली होती. मावशी पडवीत तीळ निवडत बसल्या होत्या. ताट संपल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं, "मीठ बरूबर व्हतं का रं? मला कुनी इचारत न्हाई आता."