मी सैल केलेला दोर
हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं; पण परवा राहुरीच्या बाजारात नव्या नायलॉन दोराचा वास आला आणि मुळा धरणावरची ती दुपार समोर उभी राहिली. मी आणि माझा मित्र तिथल्या क्लबात शिडाची छोटी नाव चालवायचो. मुलांना शिकवायला दोघांपैकी एकालाच ठेवणार होते, त्यासाठी चाचणी होती, आणि तो माझ्यापेक्षा सरस होता. नावेची डोलकाठी जराशी मागे कललेली असली की सुकाणू सोडताच नाव आपण होऊन वाऱ्याकडे तोंड करते आणि थांबते. काठी पुढे कलली तर ती वाऱ्याकडे पाठ फिरवते आणि शीड आणखी भरतं. त्याची काठी नेहमी मीच बांधायचो. चाचणीच्या दिवशी मी काठीचा मागचा दोर सैल सोडला आणि पुढचा ताणला. "वारा लई हाय, एकदा बघून घे," असं वरवर म्हणालोही. तो हसला. "तू बांधलंस ना? मग काय बघायचं." भर पाण्यात वाऱ्याचा झोत आला, त्याने सवयीने सुकाणू सोडलं आणि नाव गर्रकन फिरून उलटली. त्याचं मनगट कायमचं अधू झालं, काम मला मिळालं. महिन्याने सगळं कबूल करायचं ठरवून त्याच्या घरी गेलो, तर तोच आधी बोलला, "माझाच हात चुकला गड्या. लोक तुझ्या बांधण्याला नावं ठेवत हुते, मी म्हनलं, तसं काय न्हाई." मी तोंड उघडलं आणि विचारलं, "मनगट दुखतंय का अजून?" आजही तो भेटला की मी तेवढंच विचारतो.