मंगळवारचा विषय

पुसदच्या बसस्टँडवर मी पुण्याच्या गाडीची वाट पाहत उभी होते, तेवढ्यात कमलमावशी करंज्यांचा डबा घेऊन धावत आली. ही मायची मैत्रीण, आमच्या चर्चच्या भगिनी मंडळाची प्रमुख. आल्या आल्या तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि चार लोकांत मोठ्यानं प्रार्थना सुरू केली, या लेकराचा प्रवास सुखाचा कर म्हणून. मायनं डोळे मिटले. मी उघडेच ठेवले. किती गोड बोलत होती बाई! मला घर सोडावं लागलं ते तिच्यामुळेच.

मंडळातल्या बायांनो, तुम्हाला सगळं माहीतच आहे. पण माझ्यासारख्या ज्या गाव सोडून गेल्या, त्यांच्यासाठी सांगते. दर मंगळवारी प्रार्थनेआधी प्रत्येकीनं आपला विषय सांगायचा. कुणाच्या नवऱ्याची बदली, कुणाचे गुडघे. मग सगळ्यांनी मिळून देवाजवळ मागायचं. त्या खोलीतलं त्या खोलीतच राहतं, असं माय समजत होती. एका मंगळवारी रडत रडत तिनं माझा विषय ठेवला, "माह्या करुणाले फिट येते. बाहेर सांगू नका, पण प्रार्थना करा."

तेव्हा माझं लग्न ठरत आलं होतं. मुलगा लोहाऱ्याच्या एमआयडीसीत नोकरीला. फिटचं आम्हीच त्यांना सांगणार होतो, डॉक्टरांचे कागद घेऊन, नीट समोर बसून. त्याआधीच मावशी मुलाच्या घरी पोचली. "त्या पोरीसाठी तुम्हीबी प्रार्थना करा," असं म्हणाली, हे त्याच्या आईनंच आम्हाला ऐकवलं. चुगलीसुद्धा हात जोडून केली! बोलणी मोडली. चार महिन्यांत त्याच मुलाशी मावशीच्या मुलीचं, रूपाचं, लग्न लागलं. आणि त्या लग्नात गाणी म्हणायला माझी माय गेली.

मावशीनं दगा दिला तो दिला. मायचं काय करू? मी तिला विचारलं, "तू काहून गेली?" ढोलकी पुसत ती म्हणाली, "माहा आनंद कमलीनं देल्ला होता काय, का तिनं नेला म्हणू? देवानं देल्ला. मी गाईनच." माझं डोकंच फिरलं. तुझा राहिला असेल, माय. माझा तर गेला होता.

पुण्यात एका लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करायचं काम मिळालं. रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायची, आणि कुणी विषय विचारला की हसून मान हलवायची. सहा वर्षं मी कुणापुढे अवाक्षर काढलं नाही. फोनवर माय दर मंगळवारी विचारायची, "आज तुहा काय विषय सांगू?"

"काही नाही."

यंदा नाताळच्या तोंडावर रूमवर फिट आली. शुद्धीवर आले तर आमच्याच जिल्ह्यातल्या मुकुटबनची संगीता, माझी रूममेट, मला कुशीवर वळवून शेजारी बसली होती. कपडे ओले झालेले. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती म्हणाली, "काहून लाजून राह्यली वं? माह्या भावाले बी येते. आमच्या अख्ख्या बौद्धपुऱ्याले माहीत आहे. पडला का कोणी ना कोणी धरतेच त्याले." आणि उठून तिनं चहा टाकला.

मी रडले, मग हसायलाच लागले. सहा वर्षं ज्याला जीव मुठीत धरून लपवलं, ते तिच्या घरी उघड्यावर होतं! त्या दिवशी मी देवाशी कडाकडा भांडले, आणि भांडता भांडता कितीतरी दिवसांनी मला आनंद झाला. राग तसाच होता, तरी झाला.

पुढच्या मंगळवारी माय मंडळातून बोलत होती. म्हटलं, "फोन स्पीकरवर ठेव. आज मीच सांगतो." बायांची कुजबुज थांबली. कमलमावशीचा खोकला मी ओळखला.

"मी करुणा. मले अजून फिट येते. ज्याले सांगाचं त्याले सांगा. आणि मावशी, तू केलं ते मी विसरलो नाही. माफ करणं मले जमून नाही राह्यलं. हाच माहा विषय आहे. यावर तू प्रार्थना कर."

पलीकडे मायची ढोलकी वाजली.

घर म्हणजे आता माझ्यासाठी तीच खोली, जिथून मी पळाले आणि जिथं मला हे तोंडावर बोलता आलं. नाताळला मी पुसदला जाते आहे. मावशीनं डोक्यावर हात ठेवला तर ठेवू देईन. डोळे मात्र उघडेच ठेवीन.