तीन नंबरचं कच्चं लिंबू

लहानपणी गल्लीत लंगडी खेळताना मी कायम कच्चं लिंबू असायचे. धरलं तरी आउट नाही. मोठ्या मुली पाठीवर थाप मारून पुढं पळायच्या आणि मी रडत घरी यायचे. सगळ्यांना वाटायचं लाडावलेय. अहो, मला आउट व्हायचं होतं!

चाळिशीत तेच पुन्हा नशिबी आलं, आणि तेही पूलच्या टेबलावर.

कागलच्या एमआयडीसीत मी कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडी भाग, तपासते. मापात बसलं तर पास, नाही तर रिजेक्ट. तिथं वशिला चालत नाही. काठीनं बॉल भोकात घालायच्या या पूलचा नाद मला धाकट्या दिरानं लावला. आमच्यासारख्या हौशी लोकांची शहरात एक लीग चालते. तिथं प्रत्येकाच्या खेळाला नंबर असतो. सहा नंबरवाल्याला मॅचसाठी सहा डाव जिंकावे लागतात, तीनवाल्याला तीनच. नवख्यालाही मुरलेल्याशी भिडता यावं म्हणून ही सूट. शिवाय संघातल्या चौघांच्या नंबरांची बेरीज ठरलेल्या मर्यादेत बसावी लागते.

नवी होते तेव्हा मला तीन मिळाला. पुढं हात बसला, पण नंबर काही हलेना. आम्ही खेळतो त्या पूल पार्लरचा मालकच लीग चालवतो. त्याला नंबर वाढवायला सांगितलं तर हसून म्हणाला, "वैनी, मिळतंय तर घ्या की!" मी जिंकले की कौतुक नंबरचं व्हायचं. माझ्या खेळाबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे.

उपांत्य फेरीच्या संध्याकाळी बाकीच्या तिघांनी आधीच काम फत्ते केलं होतं. संघ फायनलला पोचला होता, माझी मॅच तेवढी उरली होती. समोर कोडोलीचे एक दूधवाले, सहा नंबरचे, मिशीतल्या मिशीत हसत खेळणारे गृहस्थ. दीर कॅप्टन. तो हळूच जवळ आला.

"वैनी, आता तुम्ही हरलासा तरी काय बिघडत न्हाय. सहावाल्याला हरवलासा तर मालकाला तुमचा नंबर वाढवायलाच लागतोय, मग फायनलला आपली बेरीज बसत न्हाय. दोन-चार बॉल सोडा की."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "भावजी, खोटं माप मी कारखान्यात चालवत नाही, इथं चालवू होय?"

आणि मी जीव तोडून खेळले. माझे दोन डाव झाले, त्यांचे पाच. शेवटच्या डावात टेबलावर फक्त काळा बॉल उरला, कोपऱ्यातल्या भोकाच्या तोंडाशी. तो घातला की मी जिंकले. हॉलमध्ये पंख्याचा तेवढा आवाज. मी वाकले, नेम धरला, मारला. काळा कडेला लागून परत आला.

मागं टाळी वाजली. माझ्या दिराची. मी वळले तर त्यानं डोळा मारला. शाब्बास, म्हणे!

कोडोलीकरांनी काठी टेबलावर आडवी ठेवली. "मी न्हाय खेळत. ताईनं मुद्दाम सोडला. असलं जिंकून काय करू?"

मालक धावत आला. खेळ लपवणाऱ्याला लीगमधून काढतात, हा त्याचाच नियम. "वैनी, तोच बॉल परत मांडतो. मारून दाखवा."

बॉल गेला, तर म्हणणार मघाशी मुद्दाम सोडला होता. चुकला, तर आता नाटक करतेय. मी खरंच चुकले होते, आणि ते कुणाला पटवून देण्याचा एकही मार्ग मला दिसेना. रडू येत होतं आणि रागही.

"बॉल मांडू नका," मी म्हणाले. "माझा नंबर सहा करा. यांच्याएवढा. सूट नको. पहिल्यापासून खेळू."

"मग फायनललाबी सहाच ऱ्हाईल," मालक म्हणाला.

"राहू दे."

"वैनी, बाहेर बसायला लागंल तुम्हाला!" दीर ओरडला. मी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

आम्ही खेळलो. मी हरले, आणि चांगलीच हरले. एका डावात तसाच काळा, तसाच तोंडाशी आला. हात आवळून मारला. पुन्हा कडेला लागला. या वेळी टाळी वाजली नाही.

शेवटी कोडोलीकरांनी हात पुढं केला. "सूट नको म्हणालासा, म्हणून मी बी काय सोडलं न्हाय."

"बरं केलंत."

"मघाचाबी चुकलाच व्हता. उगंच बोललो."

परक्या माणसाला पटलं. घरच्या दिराला मात्र अजून पटलं नव्हतं. जिना उतरून आम्ही त्याच्या गाडीपाशी आलो. मी हेल्मेट घालत होते तेव्हा म्हणाला, "वैनी, खरं सांगा. पयला सोडलासा न्हवं?"

"नाही. मला जमला नाही."

त्यानं किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही. मग एकदम चिडून म्हणाला, "कोपर! कोपर बाहेर जातोय तुमचा! दोन्ही येळंला गेला. कितीदा सांगायचं एका माणसाला?"

भर रस्त्यात तो मला ओरडत होता. गल्लीतल्या मुलींनी मला असं कधीच ओरडलं नव्हतं. मी आउट झाले होते. घर येईपर्यंत तो कोपराबद्दलच बोलत राहिला, आणि मी मागं बसून ऐकत होते.