क्लिफचा रेडिएटर

तुमच्या घरात एखादा माणूस 'मला काहीही चालेल' असं म्हणतो, आणि तुम्ही ते खरं मानता का? मानत असाल तर तुम्ही नोरीन ओल्डरॉइडच्या जातीचे. वाचा पुढे.

नोरीन आमच्या थंड कीथली गावात माझ्यापासून तिसऱ्या दारात राहते. तीस वर्षं शाळेच्या गारठलेल्या स्वयंपाकघरात पोरांना जेवण वाढून निवृत्त झाली. तिला एकदाच, आयुष्यात एकदाच, नवं स्वयंपाकघर हवं होतं: खोलीत मधोमध घुसणारा लांब ओटा आणि त्याला दोन उंच स्टुलं. मी त्याला हसणार नाही. हसणार आहे ते पुढच्या प्रकाराला.

तिचा नवरा क्लिफ. बावीस वर्षं रस्ते फोडायचं यंत्र धरून होता. त्या यंत्राच्या हादऱ्यांनी आता थंडी लागली की त्याची बोटं मेणबत्तीसारखी पांढरी पडतात, त्यांत जीव राहत नाही. साहेबलोकांनी कागदावर त्याला 'किरकोळ त्रास' म्हटलं. साहेबांना स्वतःच्या शर्टाची बटणं लावता येत होती ना! क्लिफ रोज सकाळी साडेसहाला मागच्या दाराशेजारी भिंतीला लावलेल्या, खोली तापवणाऱ्या जुन्या रेडिएटरला खुर्ची लावतो, वर दोन्ही तळवे ठेवतो, आणि अर्ध्या तासाने बटणं लावतो. ही त्याची पूजा.

आता लांब ओटा नेमका त्याच भिंतीतून निघणार होता.

दुकानातल्या माणसाने तीन पर्याय मांडले. एक, जमीन खणून खाली नळ्या टाकायच्या, म्हणजे फरशीच तापते. दोन, कपाटांच्या पायथ्याशी गरम हवा फुंकणारी पेटी. तीन, रेडिएटर आहे तिथेच, पण मग ओटा आखूड.

नोरीनने सल्ला घेतला बहिणीचा. ब्रेंडा इल्कलीत, बड्या लोकांच्या गावात राहते, म्हणजे तिचं नाक आमच्यापेक्षा दोन इंच वर. "अगं, फरशीच घे. आमच्याकडे पाहुणे अनवाणी उभे राहतात!" पाहुणे गेले की ब्रेंडा ती फरशी लगेच बंद करते आणि दोन स्वेटर घालून बसते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मग नवऱ्याला विचारणं झालं. नोरीनच्या हातात फरशीचं चकचकीत पुस्तक उघडं होतं.

"क्लिफ, तुला काय हवंय?"

"मला काय गं, काहीही चालेल."

"नक्की?"

"नक्की. तुला आवडेल ते."

आमच्याकडे याला चांगले संस्कार म्हणतात. हा माणूस लग्नात पाद्र्यासमोरही हेच म्हणाला असणार.

कामाच्या सकाळी गॅव्हिन मिस्त्री अवजारं घेऊन आला. क्लिफ खुर्चीत, हात रेडिएटरवर. मी उसनी दिलेली शिडी परत घ्यायला गेले होते, ती चहा घेत थांबले.

"बसा, काका, बसा. मी आधी कपाटं काढतो," गॅव्हिन म्हणाला. आमच्यात म्हाताऱ्या माणसाला खुर्चीवरून उठ म्हणणं म्हणजे शिवी देण्यासारखं.

कपाटं निघाली. क्लिफ तिथेच.

"उठ ना रे आता," नोरीन.

"उठतो गं. एवढा कप संपू दे."

चार कप संपले. गॅव्हिनने समोरची भिंत खरवडली, सिंक काढलं, छताचा दिवाही काढला. तो तर यादीतच नव्हता. सगळी खोली उघडीबोडकी, आणि मधे एक म्हातारा रेडिएटरला चिकटलेला. त्याला पुन्हा उठ म्हणायला कुणी धजेना. एवढं सभ्य धरणं मी कुठे पाहिलं नाही.

शेवटी नोरीनचा भडका उडाला. "अरे, हवा होता तर तोंड नव्हतं का तुला? दोनदा विचारलं मी!"

क्लिफने तळवे उलटे करून रेडिएटरवर ठेवले. मग हळूच म्हणाला, "फरशी तापेल गं, चांगलं आहे. पण हात शेकायला मी काय रांगत शर्ट घालू?"

गॅव्हिनने हातोडी खाली ठेवली. नोरीनने नवऱ्याच्या गळ्याकडे पाहिलं. बटणं सगळी लागलेली होती. तिला त्या क्षणी ती दिसली असावीत, पहिल्यांदा.

"गॅव्हिन," ती म्हणाली, "ओटा कापा."

"किती, बाई?"

"याची खुर्ची मावेल इतका. आणि एक स्टूल परत न्या."

पुढच्या रविवारी ब्रेंडा आली आणि म्हणाली, "अगं, ओटा अर्धाच राहिला की!" "हो," नोरीनने तिच्या पुढ्यात चहा आदळला, "आणि तू बूट काढू नकोस, फरशी गार आहे."

आता तुमच्याकडे वळते. घरात काम काढणार असाल तर मिस्त्रीला फोन लावायच्या आधी हातातलं पुस्तक मिटा, आणि त्या गप्प माणसाला तिसऱ्यांदा विचारा. पहिल्या दोनदा तो खोटं बोलतो.