एकतिसाव्या खोलीच्या पावत्या

रविवार, पाच मार्च २०२३. रक्कम आठ हजार सहाशे रुपये. हजर अकरा जण, सगळे आमच्या लालबागच्या चाळीच्या भाडेकरू समितीचे. इतिवृत्त मीच लिहिलं होतं, त्यामुळे हे आकडे आठवणीतून नाही, वहीतून देतो आहे. विषय एकच होता. चाळ पुनर्विकासाला जाणार होती. चौऱ्याऐंशी खोल्यांच्या जुन्या भाडेपावत्या हाच आमच्या भाडेकरूपणाचा पुरावा. त्या स्कॅन करायच्या हे ठरलं होतं, ठेवायच्या कुठे हे ठरत नव्हतं.

दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ तीस वर्षं एका कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत साहाय्यक होते. चाळीत त्यांना सगळे प्रोफेसर म्हणत, अर्धं कौतुकानं आणि अर्धं चिडवायला. त्यांचं म्हणणं असं की दोन हार्ड डिस्क घ्याव्यात, पावत्या साध्या चित्रांच्या फाइलींत ठेवाव्यात, आणि त्यासाठी असं सॉफ्टवेअर वापरावं की जे कुठल्या एका कंपनीच्या ताब्यात नाही, ज्याच्या आत काय आहे ते कोणालाही उघडून बघता येतं. एक डिस्क चाळीत, दुसरी खोताच्या वाडीत त्यांच्या बहिणीकडे. त्या दोन डिस्कचे आठ हजार सहाशे.

आमच्या सेक्रेटरींनी एक ॲप शोधून ठेवलं होतं. फोननं फोटो काढायचा, तो थेट कंपनीच्या सर्व्हरवर जाणार, पहिली दोन वर्षं फुकट.

"तुम्ही वही ज्या दुकानातून घेता," प्रोफेसर म्हणाले, "ते दुकान बंद पडलं तर वही उघडायची थांबते का? या ॲपमध्ये थांबेल. म्हणून सांगतो, पावत्या मोकळ्या ठेवा."

"पावत्यांना स्वातंत्र्य हवं म्हणे!" सेक्रेटरी हसले. "अहो प्रोफेसर, पारतंत्र्यात आपण आहोत. आधी आपलं बघा."

सगळे हसले. मी हसलो नाही, पण मत मी ॲपच्या बाजूनं दिलं, आणि माझ्यामुळे आणखी चार जणांनी दिलं, कारण पैशाच्या बाबतीत माझा शब्द चालतो. मी सरळ हिशेब मांडला. एका बाजूला आठ हजार सहाशे, दुसऱ्या बाजूला शून्य. दोन वर्षांनंतर काय, हा रकाना मी त्या कागदावर आखलाच नव्हता. प्रोफेसरांनी विरोध नोंदवायला सांगितला. तो मी नोंदवला.

एप्रिल ते जून, अकरा रविवार बसून मी आणि सेक्रेटरींनी सहा हजार तीनशे अठरा पावत्या चढवल्या. प्रत्येक फाइलला नाव मी दिलं: खोली क्रमांक, महिना, वर्ष. खातं सेक्रेटरींच्या मोबाइल नंबरवर उघडलं होतं. त्याचं कोणाला काही वाटलं नाही. आमच्याकडे सगळं सेक्रेटरींच्याच नावावर असतं, पाण्याच्या टँकरपासून गणपतीच्या मांडवाच्या परवानगीपर्यंत.

एकतीस नंबरच्या खोलीत राहणारी काकी तेव्हा एकोणसत्तर वर्षांची होती. आईची मैत्रीण, मला लहानपणापासून बघत आलेली. नवरा गिरणीतला, संपानंतर वॉचमनकी करून गेलेला. तिच्या चारशे सात पावत्या, पत्र्याच्या एका मोठ्या डब्यात, महिन्यांच्या क्रमानं, दोऱ्यानं बांधलेल्या. इतका नीटस डबा दुसरा नव्हता. मी तो परत द्यायला गेलो तेव्हा ती म्हणाली, "माळ्यार माजो हात पोचना नाय रे आता. मगे हो डबो ठेवू काय काढू?"

मी म्हणालो, "आता काय गरज आहे, काकी. सगळं वर चढवलंय."

एवढंच बोललो. पुढच्या आठवड्यात तिनं डबा रद्दीवाल्याला दिला. डब्यासकट साडेचार किलो, चौदा रुपयांनी, त्रेसष्ट रुपये. तिनंच मला सांगितलं, जरा खुशीत. मी तेव्हाच रद्दीवाल्याकडे धावायला हवं होतं. धावलो नाही. उलट, एकीनं तरी आपल्या कामावर पुरता विश्वास टाकला असं वाटलं. बाकीच्या त्र्याऐंशी घरांनी आपापले डबे जपून ठेवले होते. त्यांनी मला विचारलं नव्हतं.

त्याच वर्षी नोव्हेंबरात सेक्रेटरी वारले. जिन्यातच बसले ते उठले नाहीत. त्यांचा मुलगा ठाण्याला राहतो. त्यानं वडिलांचा फोन कपाटात ठेवून दिला, रिचार्ज केला नाही. कोण कशाला करेल? काही महिन्यांनी नंबर बंद झाला. बंद झालेला नंबर कंपनी दुसऱ्याला देते हे मी वर्तमानपत्रात वाचलेलं होतं. ती बातमी वाचताना आमचं खातं माझ्या डोक्यात आलं नाही. मी रोज तंत्रज्ञानाचं पान वाचतो, कात्रणंही ठेवतो. अमुक बँकेतून माहिती चोरीला गेली, तमुक माणसाला फसवून एवढे लाख काढले. या बातम्यांत चोर नेहमी बाहेरून येतो. म्हणून मी सुरक्षा म्हणजे कुलूप एवढंच समजत आलो. कुलपाच्या आत आपलीच वस्तू अडकली आणि आपणच बाहेर राहिलो, तर ते कुठल्या पानावर छापून येत नाही. चोरी झालेली नसते ना.

काकीच्या खोलीवर तिच्या दिराच्या मुलानं हरकत घेतली, ती २०२५ च्या मार्चमध्ये. खोली मूळ आजोबांच्या नावावर, म्हणजे त्याच्या वडिलांचाही हक्क, असं त्याचं म्हणणं. मुलगा वाईट नाही, कल्याणला भाड्यानं राहतो, दोन पोरी आहेत. पण खोली १९८७ च्या एप्रिलपासून काकीच्या नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर झाली होती, आणि त्या महिन्यापासूनच्या पावत्या तेच सांगत होत्या. मालकाच्या कार्यालयातल्या पावत्यांच्या स्थळप्रती आगीत गेलेल्या. भाडेकरूंच्या पात्रतेची सुनावणी घेणारे अधिकारी सरळ वागले. म्हणाले, "स्कॅनची छापील प्रत आणि समितीचा दाखला आणा, मी धरीन. पण तारखेच्या आत." मे महिन्यात काकीला टायफॉइड झाला म्हणून मुदत वाढवून घेतली. ती एकदाच मिळते. नवी तारीख सोळा जून.

दोन जूनला मी प्रती काढायला माझ्या फोनवर ॲप उघडलं; पावत्या चढवताना सेक्रेटरींनी मला खात्यात जोडून घेतलं होतं. मे महिन्यातच उघडायला हवं होतं. मी दिलेली नावं रांगेनं दिसत होती. खोली ३१, एप्रिल १९८७. खोली ३१, मे १९८७. नावावर बोट ठेवलं की राखाडी चौकोन. दोन वर्षं संपली होती, मधल्या काळात ॲप दुसऱ्या कंपनीनं विकत घेतलं होतं, आणि त्या बदलाची सगळी पत्रं मेलेल्या माणसाच्या मेलवर जाऊन पडली होती. फाइल आता फक्त खात्याच्या मालकाला उघडता येणार होती.

मदत केंद्रावरची मुलगी फार अदबीनं बोलत होती. "सर, मालक बदलायला मालकाची संमती लागेल."

"मालक वारले."

"सॉरी सर. मग त्यांच्या नंबरवर ओटीपी जाईल, तो सांगा."

"बाई, ते वारले म्हणून तर फोन केलाय."

"हो सर. आपल्या सुरक्षिततेसाठीच आहे सर." मृत्यूचा दाखला पाठवून मालक बदलायचा तर वीस कामाचे दिवस. माझ्याकडे दहा होते.

मग मी सेक्रेटरींच्या नंबरवर फोन लावला. दीड वर्षानं त्या नंबरवरून "हॅलो" ऐकताना कसंतरी झालं. शीव कोळीवाड्यातला माणूस होता, बर्फाचा टेंपो चालवणारा. मी सगळं सांगून म्हणालो की तुमच्या फोनवर सहा आकडे येतील, तेवढे वाचून दाखवा.

"काका, वय काय तुमचं?" तो म्हणाला. "या वयात हे धंदे?" आणि फोन ठेवला. पुन्हा लावला तर नंबर ब्लॉक.

रागवायला मला जागा नव्हती. ओटीपी कोणालाही सांगू नका, समोरचा कितीही रडला तरी सांगू नका, असा फलक मी स्वतः लिहून आमच्या जिन्यात लावलेला आहे.

आठ तारखेला, रविवारी, मी काकीला आणि सेक्रेटरींच्या मुलाला घेऊन शीवला गेलो. पत्ता कसा काढला? मुलाच्या फोनवरून टेंपोवाल्याला आधी विचारलं, तो म्हणाला, "या, समोर या, बघतो." घर दोन खोल्यांचं. त्याची बायको पाटावर बसून लसूण सोलत होती. तिनं पाणी दिलं, काकीला खुर्ची दिली, आणि माझे सगळे कागद, मृत्यूचा दाखला, सुनावणीची नोटीस, एकेक करून वाचले. दोन वर्षांपूर्वी तिचे चाळीस हजार असेच गेले होते, एका फोनवर.

"आजी," ती काकीला म्हणाली, "तुमच्याकडे बघून मला द्यावासा वाटतो. पण तेव्हा पण मला असंच वाटलं होतं."

काकीनं मान हलवली. "बरोबर हा तुजा," म्हणाली, आणि उठली.

टॅक्सीत काकी मला एक शब्द लागेल असं बोलली नाही. फक्त एकदा, परळच्या पुलावर, "तू सांगलंस म्हणान काढलंय रे मी," इतकंच.

मंगळवारी दहा तारखेला टेंपोवाल्याचाच फोन आला. बायको म्हणतेय देऊया, पण तुमच्या चाळीत येऊन, तुमच्या चार लोकांसमोर. दुपारी दोघं आले. तिनं जिन्यातला माझा फलक उभ्यानं वाचला. प्रोफेसरही येऊन बसले होते. सहा आकडे तिनं स्वतः टाकले, माझ्या हातात फोन दिला नाही. खातं उघडलं.

उघडल्यावर पहिली पाटी पैशाची. बाराहजारी योजना, त्यावर कर, चौदा हजार एकशे साठ. ते मी तिथल्या तिथे माझ्या खात्यातून भरले. दुसरी पाटी अशी: दोन वर्षांपूर्वीचे दस्त दूरच्या साठ्यात हलवले आहेत, सात कामाच्या दिवसांत मिळतील. मी कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलं. अकरा, बारा, तेरा. मग शनिवार, रविवार. सोळा, सतरा, अठरा, एकोणीस.

"तुम्ही तेव्हा म्हणाला होता," मी प्रोफेसरांना म्हणालो.

"जाऊ दे," ते म्हणाले. "म्हणून काय झालं? डिस्क मी माझ्या पैशानं पण घेऊ शकलो असतो. रुसून बसलो."

मी मदत केंद्राला त्या सहा दिवसांत चौदा फोन केले. चौदा वेळा सुरक्षिततेबद्दल ऐकलं. सोळा जूनला सुनावणीत मी माझी वही पुढे केली, त्यात सगळ्या पावत्यांची यादी होती, तारीख आणि रक्कम धरून. अधिकाऱ्यांनी ती उलटून पाहिली. "नीट ठेवलीय," म्हणाले. "पण ही तुमची यादी आहे. पावती कुठेय?" पुतण्याचा वकील काही बोललासुद्धा नाही, गरजच पडली नाही. काकीचं नाव अपात्र झालं. आजोबांच्या वारसांतला हक्क सांगणारा म्हणून पुतण्याचं लागलं.

एकोणीस तारखेला संध्याकाळी पाचच्या सुमारास फाइली आल्या. चारशे सातच्या चारशे सात. एप्रिल १९८७ ची पावती इतकी स्वच्छ होती की मालकाच्या मेहताजींच्या, म्हणजे भाडं घेणाऱ्या कारकुनाच्या, सहीखालची शाईची टिंबंसुद्धा दिसत होती.

अपील करता आलं असतं. पण अपिलात मूळ कागद मागतात, आणि आम्ही विचारलेल्या वकिलानं सुरुवातीलाच दीड लाख सांगितले, वर्षं किती ते सांगितलं नाही. मी अर्धे देतो म्हणालो. काकी नको म्हणाली. "माका आता झगडूक जमाचा नाय," म्हणाली. "कोर्टाच्या पायऱ्यार मराचा नाय माका." अपील न करण्याच्या समझोत्यात पुतण्यानं तिला अडीच लाख एकरकमी देऊ केले, कर्ज काढून दिले. तिनं अंगठा न लावता सही केली, सावकाश, पूर्ण नाव. साक्षीदार म्हणून मी सही केली. ऑगस्टमध्ये ती टिटवाळ्याला मुलीकडे गेली. मी तिला दर रविवारी फोन करतो. ती जावयाची तब्येत सांगते, खोलीचं विचारत नाही.

प्रोफेसरांनी डिस्क आणल्या आहेत. सगळ्या पावत्या आम्ही दोघांनी उतरवून घेतल्या, साध्या फाइलींत, कुठल्याही संगणकावर उघडतील अशा. ॲपचं खातं बंद करायचा अर्ज केला, त्यालाही ओटीपी लागला. टेंपोवाल्यानं या वेळी फोनवरच दिला. त्याला टॅक्सीचे सहाशे देऊ केले होते, त्याच्या बायकोनं घेतले नाहीत.

चाळ रिकामी करायच्या आधी विकासकानं पर्यायी जागेच्या भाड्याचे धनादेश समितीकडे पाठवले. वाटायचं काम माझं. महिना वीस हजारांप्रमाणे अकरा महिने, सामान हलवायचे दहा हजार, मिळून खोलीमागे दोन लाख तीस हजार. चौऱ्याऐंशी धनादेश गणपती मंडळाच्या खोलीत टेबल टाकून मी एकेक करून दिले. एकतीस नंबरचा काकीच्या पुतण्याच्या नावाचा होता. तो मी त्याच्या हातात दिला आणि त्याची सही घेतली.