टेकडीवरची मोरस

ते प्रकरण अजूनही माझ्या डोळ्यांसमोर जसेच्या तसे उभे आहे. बाळांनो, तुम्ही तिकडे दूर वाढलात. तुमची आजी वर्दीत नक्की काय करायची हे तुम्हाला कळावे म्हणून लिहिते.

मी तेव्हा बोईसर भागातल्या एका ठाण्याची प्रभारी होते. सकाळची हजेरी संपते न संपते तोच एक खदान ठेकेदार तक्रार घेऊन आला. वाणगावच्या बाजूला एका वारली बाईची जमीन त्याने मुरूम आणि खडीसाठी करारावर घेतली होती. काम संपल्यावर खड्डा भरून ती पिकाऊ करून द्यायची, अशी अट होती. आता तीच बाई दगड टाकून पुढच्या खदानीचे डंपर अडवत होती.

"मॅडम, खड्डा भरला, वर हिरवळ आली. हे फोटो. तरी म्हणते जमीन मेली! उचलून आणा, चार तास बसवा, सरळ होईल."

"बाईचा जबाब तिच्या घरी जाऊन घेतात," मी म्हटले. "सरळ कोणाला करायचं ते मग बघू."

महिला शिपायाला घेऊन मी पाड्यावर गेले. बाई दारातच उभी होती.

"धरायला आलीस काय, बाय?"

"आधी ऐकायला आले."

"मंग चल, बघ. दोनदा भात लावला, दोनदा जळला. गुरं सोडली तं गवत नाय खात, माती चाटतात. तो बोलतो, हिरवं हाय ना! हिरवं म्हंजे भात हाय काय?"

तिच्या जमिनीवर पोचल्यावर मी वाकून पाहिले. जाड, रसरशीत पाने, लालसर देठ. एक पान तोडून चावले.

"मॅडम, काहीही काय खाता!" शिपाई ओरडली.

ती मोरस होती. समुद्रकाठच्या केळव्याला माझी आई तिची भाजी करायची आणि वरून मीठ घालायची नाही, कारण खारेपणा पानातच असतो. मोरस उगवते खाजणात, भरतीचे पाणी पोचते तिथे. या टेकडीवर कोणती भरती चढणार? ठेकेदार परगावचा, त्याला ती साधी हिरवळच वाटली. ज्या हिरवळीचे फोटो तो मिरवत होता, तीच त्याच्याविरुद्ध साक्ष देत होती.

पूर्वी आमच्या खाड्यांत माणसे बुडी मारून टोपल्यांनी रेती काढत. मग सक्शन पंप आले, आणि बंदी आल्यावर चोरून काठच कापू लागले. छाप्यात रेती सापडे, पण वरचा चिखल कुठे जातो ते कळत नसे. आता कळले, तो अशा खड्ड्यांत जात होता.

पंचांसमक्ष माती आणि झाडे सील केली, महसूल विभागाला कळवले. मग ठेकेदाराच्या एका डंपरचालकाला ठाण्यात बोलावले.

"मैडम, मैं खदान का आदमी. खाड़ी देखी ही नहीं."

त्याच्याच डंपरच्या फाळक्यातून काढलेले कालवांचे शिंपले मी टेबलावर ठेवले. "ये पहाड़ पे मिलता है?"

त्याने एक शिंपला उचलून उलटून पाहिला. मग तो कसनुसा हसला. "सेठ बोला, रेत उधर बेचो, कीचड़ इधर डालो. एक फेरे में दो काम."

दुपारी वरून फोन आला, आपसात मिटवून टाका. मी म्हटले, "सर, लेखी आदेश द्या, लगेच स्टेशन डायरीत नोंदवते." आदेश काही आला नाही. ठेकेदाराला मी त्याच संध्याकाळी अटक केली.

जामिनावर सुटून तो दुसऱ्या जमिनीची लालूच घेऊन पाड्यावर गेला. "दुसरी तूच घे," बाई म्हणाली. "मना माजी दे."

तहसीलदारांनी ठेकेदाराला खारी माती उपसून गोडी माती भरायचा आदेश काढला. काम सुरू झाले तेव्हा मी बंदोबस्ताला होते. प्रत्येक डंपरमधली चिमूटभर माती बाई जिभेवर ठेवायची, थुंकायची आणि मगच हात हलवायची. तीन डंपर तिने परत पाठवले.

"मॅडम, ही काय प्रयोगशाळा आहे का?" ठेकेदार कुरकुरला. "ही कोण ठरवणार?"

"मालकीण," मी म्हटले. "चौथा परत न्या, ती नको म्हणतेय."

कागदोपत्री याला जमीन पूर्ववत करणे म्हणतात. ती पूर्ववत झाली की नाही, हे खड्डा खणणाऱ्याने ठरवायचे नसते. नोकरीत मी हे सगळ्यांना तोंडावर सांगितले, आणि आजही सांगेन.