रायपूरची तुंबलेली मिल

रायपूरला जायचं ठरलं तेव्हा घरच्यांनी विचारलं, तिथं बघण्यासारखं काय आहे? मी म्हणाले, एक तुंबलेली मिल. माझं कामच ते. कारखान्यांत दगड पाण्यात दळणाऱ्या मिल बसवायच्या आणि त्या अडल्या की जाऊन बघायचं. त्यामुळे माझा अर्धा देश शेडच्या पत्र्याखालून पाहून झाला आहे. सांगलीहून निघाले, पुण्यात गाडी बदलली. गोंदिया मागे पडल्यावर डब्यातलं मराठी कमी कमी होत गेलं आणि रायपूर आलं तेव्हा मी एकटीच मराठीत वैतागत होते, कारण बॅग आसनाखाली अडकली होती.

कारखाना शहराबाहेर आहे. वाटेतल्या झाडांवर राखाडी धूळ इतकी की झाडं ओळखू येत नाहीत. मिल म्हणजे आडवं टाकलेलं, फिरणारं अवाढव्य लोखंडी पिंप. आत पोलादी गोळे. एका तोंडातून खडी आणि पाणी जातं, दुसऱ्या तोंडातून रंगाच्या कारखान्यांना लागणारा पांढरा घोळ, म्हणजे दगडाच्या पिठाचं दाट पाणी, बाहेर पडतो. पाणी कमी पडलं की घोळ घट्ट होतो, गोळे त्यात रुततात आणि तोंड बंद होतं. मी पोचले तेव्हा माणसं पहारी घेऊन आतला माल खोदून काढत होती. मी उत्साहानं पुढं गेले आणि सांडलेल्या घोळात पाय घातला. संध्याकाळी बुटाचा दगड झाला होता.

मिल का तुंबली, याची दोन उत्तरं मिळाली. फोरमन रामटेके काका मूळचे भंडाऱ्याकडचे, निवृत्तीला आलेले, आवाज खणखणीत. त्या दिवशी ते लग्नाला गेले होते. मिल जड झाल्याचा फोन आल्यावर, "मी तिले पाणी सोड म्हणलं होतं," असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं. ती म्हणजे प्रज्ञा, आयटीआय करून नव्यानं लागलेली ऑपरेटर, अजून कच्च्या नोकरीवर. मराठी समजतं, बोलते हिंदी. ती एकच वाक्य धरून बसली होती, काका ने मना किया था. मालकांनी जुन्या माणसावर विश्वास ठेवला. यंत्रात दोष नाही असं मी म्हटलं की मुलीला काढायचं, इतकं ते सरळ होतं. आणि यंत्रात दोष नव्हता. पाण्याची झडप ठीक, जाळी साफ, मोटर ठणठणीत. मला हे प्रकरण अजिबात आवडलं नाही. मी यंत्रं तपासायला जाते, माणसं तपासायला नाही.

मिल पूर्ण मोकळी व्हायला दुसरा दिवस जाणार होता, म्हणून बूट घ्यायला शहरात गेले. रिक्षावाल्या भैयानं पंडरीला नेलं. तिथं सगळा कपड्यांचा ठोक बाजार. बूट नाहीत म्हणून निदान एक दुपट्टा तरी घ्यावा म्हटलं, तर दुकानदारानं गठ्ठा पुढं केला. एक नको असलेला गठ्ठा आणि एक दगडी बूट यांत मी बूट पसंत केला. नवे बूट शेवटी शंकर नगरात, माझ्या लॉजच्या खालीच मिळाले.

संध्याकाळी रामटेके काकांनी जेवायला बोलावलं. गुढियारीत त्यांचं घर आहे, मालधक्क्याच्या बाजूला एका दाट पाऱ्यात (वस्तीत). भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, खाली शिलाई मशीन. काकू छत्तीसगढच्याच. त्यांनी फरा केला होता. भात आणि तांदळाच्या पिठाचे वाफवलेले मुटके, वर तिळाची फोडणी, सोबत टोमॅटोची आंबट चटणी. मी लाज न बाळगता खाल्ला. घरातली बोली छत्तीसगढी आणि हिंदी. नातवंडं आजोबांना "दादाजी" म्हणत होती.

जेवणानंतर काका मोकळे झाले. एके काळी त्यांच्या पाळीत निम्मी माणसं भंडारा-गोंदियाची होती. एकेक करून सगळी निघून गेली. प्रज्ञाला त्यांनीच मालकाच्या मागे लागून लावून घेतलं होतं.

"काहून, सांगू? दिवसभरात एका माणसाशी तरी आपलं बोलता यावं म्हणून. पोट्टी हिंदीत उत्तर देते, देऊ दे. ऐकते तर मराठीत." मग म्हणाले, "अन् तेच पोट्टी आता खोटं बोलून राहिली."

त्यांना राग कमी आणि दुःख जास्त झालं होतं. परत येताना मी मनाशी ठरवून टाकलं की मुलगी घाबरून खोटं बोलते आहे. लहान वय, नवी नोकरी, होतं असं.

तिसऱ्या दिवशी मिल सुरू करायची होती. याचा क्रम सोपा असतो. आधी पाणी, मग माल. थांबवताना उलट, आधी माल बंद, आतलं सगळं धुऊन निघेपर्यंत पाणी चालू. मी मिलच्या तोंडाशी उभी राहिले, काका मोटरच्या बटणापाशी, प्रज्ञा झडपेवर हात ठेवून. हिंदीत बोलून माझी जीभ थकली होती आणि तिला मराठी समजतंच, म्हणून मी म्हणाले, "प्रज्ञा, पाणी सोड."

तिनं झडपेवरचा हात काढला.

तिला ऐकू आलं नसेल म्हणून पुन्हा मोठ्यानं म्हणाले. ती आणखी मागे सरकली आणि माझ्याकडे बघत राहिली. काकांचा हात बटणाजवळ तसाच राहिला. मी तिला जवळ बोलावून विचारलं, मी काय सांगितलं?

"आपने बोला पानी छोड़ दे. तो मैंने छोड़ दिया."

मग मी फोनचं विचारलं. त्या दिवशी तिनं विचारलं होतं, काका, मिल भारी हो रही है, पानी बढ़ाऊँ क्या? पलीकडे लग्नाचा बँड, अलीकडे मिलचा आवाज. त्यात उत्तर आलं, सोड, सोड, पाणी सोड.

"घर में मम्मी भी यही बोलती है न, सोड ते. मतलब जाने दे. पानी के लिए तो 'खोल' बोलते हैं."

ती खरं बोलत होती. काकाही खरं बोलत होते. काका शेजारच्या पोत्यावर बसले. "मी सोड म्हणलं म्हणजे खोल म्हणलं ना, पोरी," इतकंच म्हणाले आणि तिच्याकडे न बघता हातातल्या रुमालाची घडी करत राहिले.

मला वाटलं आता मानपानाचा घोळ होणार. पण ते उठले आणि स्वतःच मालकांच्या खोलीत गेले. मुलीनं आपण सांगितलं तेच केलं, असं त्यांनी उभ्या उभ्या हिंदीत सांगून टाकलं. मालक व्यवहारी माणूस. त्यांनी मला विचारलं, पुढच्या वेळी असं होणार नाही याची काय हमी? माझं उत्तर तयार होतं. मिलवर एकच भाषा, हिंदी. झडपेसाठी दोनच शब्द, खोलो आणि बंद करो. ऐकणाऱ्यानं शब्द परत म्हणायचा, मगच हात लावायचा. अशा कामात दुसरा चांगला उपाय नाही. मालकांनी प्रज्ञाला ठेवलं. काका माझ्याकडे बघून "हव" (हो) म्हणाले.

त्या वेळी मी खूष होते. दुपारी मिल छान खडखडत होती, घोळ पातळ आणि सरळ बाहेर येत होता. काका म्हणाले, "पानी खोलो." प्रज्ञा म्हणाली, "पानी खोल रही हूँ, काका." मग काका मोटरकडे वळले, ती जाळी बघायला गेली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की दिवसभरातलं काकांचं तेवढं मराठीही मी काढून घेतलं. मला वाईट वाटलं. तरी पुन्हा विचारलं तर मी तोच सल्ला देईन, कारण त्या मुलीची नोकरी त्याच्यावर टिकली आहे.

निघताना काका फाटकापर्यंत आले आणि भंडाऱ्याच्या तळ्यांबद्दल, वांग्यांबद्दल, बंद पडलेल्या एका बसबद्दल बोलत राहिले. रिक्षावाला दोनदा खाकरला.

सांगलीला आल्यावर सगळ्यांना फऱ्याची कृती सांगितली आणि मिलचं थोडक्यात आवरलं. पुढच्या रविवारी काकांचा फोन आला. मी घाईनं विचारलं, काका, पुन्हा तुंबली का?

"नाही जी, मस्त चालून राहिली," ते म्हणाले. "असाच लावला फोन. तुम्ही बोला ना काहीतरी."